बूड मोकळं ठेव

अरे, हापूसचं कलम लावायचं म्हटलं की पोरांना वाटतं, जितकं खोल तितकं घट्ट. नेमकं उलटं आहे. मुळांनाही हवा लागते आणि जांभ्यात खणलेला खड्डा पावसात हौदासारखा तुंबतो. खोल गेलेलं कलम वरून हिरवं दिसतं, खाली मुळं कुजत असतात.

खड्डा मीटरभर लांब, रुंद, खोल, आणि तो उन्हाळ्यातच काढायचा, हे कुणीही सांगेल. भरताना मात्र वरची माती आणि कुजलेलं शेणखत जमिनीच्या वीतभर वर येऊ दे. मोकळी भर पावसात खाली बसते आणि कलमालाही सोबत नेते. मग आजूबाजूची माती वाहून बुडाशी साचते. लावलंस बरोबर, तरी श्रावणापर्यंत कलम गाडलेलं! म्हणून मृगाचे चार पाऊस पडून माती बसू दे, मग लाव.

पिशवी ब्लेडने उभी चीर, हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, फुटता कामा नये. पिशवीत माती होती तिथवरच जमिनीत जाऊ दे. पण रोपवाटिकेत कधी वरून जादा माती घातलेली असते, तेव्हा बोटाने उकरून पहिली मुळं कुठे फुटलीत ते बघ. कोय कलमाचा जोड बुडापासून फार उंच नसतोच, तो मातीवर उघडा दिसायला हवा. जोडाखालून फुटवा आला तर नखाने खुड. तो रायवळ, माजला तर वरचा हापूस दबतो.

भर पावसात आच्छादन नको. दसऱ्याच्या सुमारास, ओल उडायच्या आत, वाळलं गवत किंवा पेंढा चार बोटं जाड पसर. बुडाशी ढीग मात्र करायचा नाही, वीतभर जागा उघडी ठेव. चिकटलेल्या पाल्याखाली साल ओली राहून कुजते आणि वाळवी तिथेच मातीच्या नळ्या बांधते. महिन्यातून एकदा गवत उचलून बघत जा.

पाणी घालताना लोक फसतात. तांब्याभर पाणी गवतच पितं. सुरुवातीला मुळं हुंडीबाहेर गेलेली नसतात, त्यामुळे आळं ओलं आणि हुंडी कोरडी असंही होतं. गवत सारून पाणी हुंडीवर सावकाश ओत, मुरलं की गवत परत ओढ.

आणि शिमग्याच्या आधी प्रत्येक आळ्याभोवती दोन हात पट्टा साफ करून घे. वणवा लागला तर तो आधी तुझ्या या गवतावरच येईल.