चुलीला श्वास घेऊ द्या



उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, घरोघरी गॅस आला. तरी भाकरी आणि अंघोळीचं पाणी अजून चुलीवरच, नाही का? धुराड्याची चूलही आपल्या विदर्भाला नवी नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत 'मगन चूल' तयार झाली होती. चूल चांगली असली तरी हवा सांभाळता आली नाही, तर धूर घरातच राहतो.

गेल्या हिवाळ्यात मी एका गटात प्रात्यक्षिक दाखवत होते. लाकूड वाचावं म्हणून चूल पेटताच धुराड्याची झडप निम्मी लावली. पऱ्हाटी ओलसर होती. खोलीभर धूर, सगळ्या खोकायला लागल्या! एक आजी म्हणाल्या, "पोरी, चुलीले श्वास घेऊ दे!"

आजींचं खरं होतं. हवा कमी पडली की लाकूड नीट जळत नाही, त्याचा धूर होतो. हवा जास्त झाली की उष्णता भांड्याला न लागता धुराड्यातून निघून जाते. म्हणून असं करा:

१. पेटवताना झडप पूर्ण उघडी ठेवा. वाळलेल्या तुराट्या, पऱ्हाटी थोडी थोडी घाला. चुलीचं तोंड गच्च भरू नका.

२. जाळ स्थिर झाला की झडप हळूहळू कमी करा. तोंडातून धूर मागे आला, तर लगेच उघडा.

३. नवं सरपण घालण्याआधी झडप पुन्हा उघडा.

४. साचलेली राख रोज काढा, म्हणजे लाकडाखालून हवा जाईल. धुराड्यातली काजळीही वेळच्या वेळी झाडा.

झडप नसेल, तर आच कमी करायला लाकडं मागे ओढा. तोंड बुजवू नका.

सगळ्यात महत्त्वाचं: थंडीत ऊब टिकावी म्हणून निखारे असताना झडप पूर्ण बंद करू नका. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. तो दिसत नाही, त्याला वासही नाही. आधी डोकं दुखतं, चक्कर येते. बंद खोलीत झोपेतच जीव जाऊ शकतो.

आता गृहपाठ. पेटत्या चुलीच्या तोंडाशी अगरबत्ती धरा. धूर आत ओढला गेला, तर चूल नीट श्वास घेते. बाहेर आला, तर आधी झडप आणि काजळी बघा. आठवडाभर किती सरपण लागलं तेही वहीत लिहा. पुढच्या बैठकीत सगळ्यांच्या वह्या पडताळून बघू.

तुमची ताई,
क्षेत्र समन्वयक