आधी जागा, मग नावं

चि. वैशाली हिस,



दुसरीच्या वर्गाला इंग्रजी वाक्यरचना कशी शिकवावी, असं तू विचारलंस आणि नाउन, व्हर्ब, अ‍ॅडजेक्टिव्हचा रंगीत तक्ता वर्गात लावायचा बेतही कळवलास. तक्ता खुशाल लाव, भिंत छान दिसेल. पण त्यानं मुलांना वाक्य येणार नाही. सात वर्षांच्या मुलाचं इंग्रजीत अडतं ते शब्दांच्या जाती माहीत नसतात म्हणून नव्हे. तिथे शब्दाची जागाच अर्थ ठरवते, हे त्याच्या कानाला ठाऊक नसतं म्हणून अडतं. निदान पहिली दोन वर्षं हे एवढंच काम हाती घ्यावं, असं माझं मत आहे.

'आजी बाळाला भरवतेय' हे वाक्य घे. 'बाळाला आजी भरवतेय' म्हण, नाहीतर 'भरवतेय आजी बाळाला' म्हण. जोर बदलेल, पण घास कोणाच्या तोंडात जातोय ते बदलणार नाही. 'ला' बाळाला चिकटून बसलाय, त्यामुळे बाळ वाक्यात कुठेही गेलं तरी जेवणारं तेच. इंग्रजीला ही सोय नाही. 'ग्रँडमा इज फीडिंग द बेबी' या वाक्याच्या दोन टोकांची अदलाबदल केली की बाळ आजीला भरवायला लागतं. मराठी घरातलं मूल शाळेत येतं तेव्हा त्याचा कान प्रत्ययांना सरावलेला असतो. क्रमाकडे त्याचं फारसं लक्षच नसतं. 'माय नेम सोनाली इज' म्हणणारी मुलगी निष्काळजी नाही, क्रियापद शेवटी ठेवायची आपली रीत ती इमानानं पाळतेय. 'टेबल ऑन' तसंच, कारण आपला 'वर' टेबलाच्या मागून येतो. आणि 'उकडतंय' हे आपलं एका शब्दाचं पूर्ण वाक्य. तिथे कर्ता कोण, हे कोणी विचारत नाही. इंग्रजीत ती जागा रिकामी ठेवायची मुभा नाही, करणारं कोणी नसलं तरी 'इट' आणून बसवावं लागतं, आणि मूल नेमकं तेच गाळतं. वरवर या तीन वेगळ्या चुका दिसतात, पण त्यांचं मूळ एकच.

म्हणून जागा डोळ्यांना दिसेल असं काहीतरी कर. चार पुठ्ठे घे: 'ग्रँडमा', 'इज', 'फीडिंग', 'द बेबी'. 'द' वेगळा कापू नकोस. मराठीत त्याला जोडीदार नाही, तेव्हा तो सध्या नामाला चिकटलेलाच बरा. चार मुलांच्या गळ्यात पुठ्ठे अडकवून त्यांना वर्गाकडे तोंड करून उभं कर. उभ्या मुलांची डावी बाजू बसलेल्यांची उजवी असते, म्हणून रांग लागली की मागच्या बाकाजवळ जाऊन एकदा स्वतः वाचून बघ. वर्ग वाक्य म्हणेल, दोघं जण ते करून दाखवतील. मग टोकाच्या दोन मुलांना जागा बदलायला सांग आणि नवं वाक्य करून दाखवायला लाव. बाळ आजीला भरवतंय हे पाहून वर्ग हसला की मुद्दा पोचला म्हणून समज. पुढे 'द बेबी' काढून 'द कॅट' आण, 'फीडिंग'च्या जागी 'वॉशिंग' आण. प्रश्न शिकवायचा तर 'इज'वाल्या मुलाला चालत रांगेच्या तोंडाशी येऊ दे: 'इज ग्रँडमा फीडिंग द बेबी?' मराठीत 'का' शेवटी जोडला की भागतं, बाकी कोणी जागचं हलत नाही. म्हणून आपली मोठी माणसंसुद्धा 'यू आर कमिंग?' असं नुसतं सूर चढवून विचारतात. हे सगळं आधी काही आठवडे तोंडी, वहीत नंतर.

यावर पालक म्हणतील, व्याकरणाशिवाय पाया कच्चा राहील; आमचे आजोबा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर शिकले आणि उत्तम इंग्रजी लिहीत. ते लिहीत, यात शंका नाही. पण ती पुस्तकं हाती येत तेव्हा त्या मुलांना मराठी अस्खलित वाचता येई आणि विभक्तीची ओळख मराठीच्याच तासाला झालेली असे. आपल्याकडे मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० सालापासून. त्याआधी ते पाचवीत सुरू व्हायचं. वय चार वर्षांनी खाली आणलं आणि पद्धत मात्र मोठ्या मुलांचीच ठेवली, हा घोळ आपण अजून निस्तरलेला नाही. कर्ता, कर्म ही नावं पाचवीत येऊ देत. वाक्य तोवर तोंडात बसलेलं असेल तर त्याला नाव द्यायला एक तास पुरेल.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ही नुसती पोपटपंची नाही का? असू शकते. सगळा वर्ग एका सुरात तेच वाक्य वीस वेळा म्हणत असेल तर ती पोपटपंचीच. परीक्षा सोपी आहे. मुलाला कधी न पाहिलेलं चित्र दाखव, म्हणजे मांजर बाहुलीला अंघोळ घालतंय असं काहीतरी, आणि वाक्य त्याचं त्याला जुळवू दे. जुळलं तर साचा त्याचा झाला. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर आणि मद्रासकडच्या शाळांत जो प्रयोग केला, त्यात व्याकरणाचे धडे मुळी नव्हतेच. नकाशे, वेळापत्रकं अशा गोष्टींवरचे प्रश्न मुलं सोडवत, कारण मन अर्थात गुंतलं असताना रचना अधिक चांगली रुजते, असं त्यांचं म्हणणं होतं. मी तितका पुढे जाणार नाही. वर्गाबाहेर इंग्रजी कानावर न पडणाऱ्या मुलाला आरंभी साचा हाती द्यावाच लागतो. मात्र तो अर्थाशिवाय देऊ नये, हे त्यांच्याकडून घे.

अर्थ सांगायला मराठी वापरायची की नाही, यावर शिक्षकांत उगाच हमरीतुमरी चालते. खुशाल वापर, पण अख्ख्या वाक्याचा अर्थ एकदाच सांग. 'ग्रँडमा म्हणजे आजी, इज म्हणजे आहे' असं शब्दागणिक फोडलंस की मूल ते तुकडे मराठी क्रमानं पुन्हा जोडणार, आणि ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच निसटणार.

वहीत 'शी गो टू स्कूल' दिसलं म्हणून लाल शाईनं पान भरू नकोस. रॉजर ब्राउन यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी हीच मातृभाषा असलेल्या मुलांनाही 'इंग' लवकर आणि 'गोज'मधला 'स' बराच उशिरा साधतो, असं दिसलं. पुढच्याच वर्षी ड्यूले आणि बर्ट यांना इंग्रजी शिकणाऱ्या स्पॅनिश आणि चिनी मुलांत 'स'ची तीच रखडपट्टी आढळली. तेव्हा 'स' चुकला तर तू बरोबर रूप बोलून दाखव आणि पुढे जा. जागा चुकली तर मात्र थांब, पुठ्ठे काढ, वाक्य पुन्हा उभं कर. मुख्याध्यापकांनी वही पाहून विचारलं तर हा फरक त्यांना समजावून सांग.

पहिल्या सत्रात 'धिस इज', 'शी इज' आणि पुढे 'इंग'चं क्रियापद, 'द बॉल इज ऑन द टेबल' आणि 'इट इज' एवढेच साचे पुरेत. 'आय हॅव' दिवाळीनंतर घे. त्याचं दुखणं वेगळं आहे: 'माझ्याकडे पेन आहे' यात कर्ता पेन, तर इंग्रजीत 'मी' पुढे येऊन बसतो. त्यावर पुढच्या पत्रात लिहीन. दादा-वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
सुधाकरकाका