अर्धवेळ मास्तरीणबाईस

अकोला,
१८ नोव्हेंबर २०२५

चि. ताईस,


परवाच्या फोनपासून तुला सविस्तर लिहीन म्हणत होतो. तू चिडलेली होतीस, आणि मला फोनवर चार शब्द धड बोलता येत नाहीत हे तुला ठाऊकच आहे. शनिवार-रविवार साक्षरता वर्गाच्या प्रशिक्षणात जाणार, मानधनाचा छदाम नाही, बडनेऱ्याहून अमरावतीचं ऑटोभाडं पदरचं, आणि वर "मी बी.एड. झालेली, बायांना अक्षरं शिकवायला मला प्रशिक्षण काहून पाहिजे?" हा सवाल. भाड्याचं तुझं म्हणणं शंभर टक्के खरं. सवाल मात्र मला पटला नाही. तू प्रशिक्षणाला जा. फक्त तिथून काय आणायचं ते घरूनच ठरवून जा.

आधी पैशाचं सांगून टाकतो. २ ऑक्टोबर १९७८ ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा केंद्र चालवणाऱ्याला महिन्याला ५० रुपये मिळत. तीसेक शिकणारे आणि दहा महिन्यांची मुदत. २००९ च्या साक्षर भारत योजनेत केंद्र चालवणाऱ्या प्रेरकाला महिना २००० रुपये ठरले. ती योजना मार्च २०१८ मध्ये गुंडाळली. २०२२ पासूनचा नवभारत साक्षरता कार्यक्रम, ज्याला आता 'उल्लास' म्हणतात, तो मात्र सगळा स्वयंसेवकांच्या जिवावर. पन्नासाचे दोन हजार झाले आणि दोन हजाराचं शून्य. मला हे मुळीच मान्य नाही. दिवसभर शाळेत राबून आलेल्या पोरीच्या संध्याकाळच्या दोन तासांना मोल नाही, आणि सेवाभावाची अपेक्षा मात्र भरपूर! निदान जाण्यायेण्याचं भाडं मागायला लाजू नको. अर्ज लेखी दे, चारपाच जणींच्या सह्या घे. पण तो झगडा साहेबांच्या टेबलावर कर, वर्गात नेऊ नको.

आता प्रशिक्षणात काय होईल ते सांगतो. पुण्यातून राज्याचं, मग जिल्ह्याचं, मग तालुक्याचं, मग केंद्राचं, अशी ही उतरंड असते. वरच्या मडक्यातलं खालच्यापर्यंत किती उरतं ते तू समजून घे. बराच वेळ उल्लासच्या ॲपवर नोंदणी कशी करायची यात जाईल. मग शिकणाऱ्यांची परीक्षा: वाचन, लेखन आणि संख्याज्ञान, प्रत्येकी ५० गुण, एकूण १५०. महाराष्ट्रात ती पहिल्यांदा १७ मार्च २०२४ ला झाली. हे सगळं लिहून घे, तेही लागतंच. मग प्रौढांना कसं शिकवावं यावर कोणीतरी तास-दीड तास भाषण देईल, आणि तुम्ही सगळे प्रौढ मुकाट ऐकाल. त्यातली गंमत भाषण देणाऱ्याच्या लक्षात येतेच असं नाही.

तुझ्या बी.एड.चा मला अभिमान आहे. पण तिथं तुला लेकरं शिकवायला शिकवलं. लेकराला आईबाप पाठवतात म्हणून ते येतं. तुझ्या वर्गातली बाई सध्या कापूस वेचणीला जाते. वाळलेल्या बोंडांनी तिची बोटं ओरबाडलेली असतात आणि त्याच बोटांत ती पेन्सिल अशी घट्ट आवळते की टोक मोडतं. ३७ किलोचे दहा रुपयांनी किती झाले, हे तिला तोंडी येतं. तू वहीत मांडेपर्यंत ती सांगून मोकळी होते. मुकादमाच्या वहीत आपल्या नावापुढे ३७ मांडलेत की २७, हे तिला वाचता येत नाही. तुझा धडा तिथून सुरू व्हायला पाहिजे. साक्षरतेची प्रवेशिका सोडू नको, पण मुकादमाच्या वहीसारखी एक वही तू आखून ने: नाव, वजन, दर, रक्कम. पहिल्या दिवशी तिनं फक्त आपलं नाव शोधावं. आणि वेचणीच्या दिवसांत हजेरी पडली तर तोंड पाडू नको. संक्रांतीनंतर त्या येतील.

दुसरं, अक्षर ओळखीच्या आधी डोळे बघ. पंचेचाळिशीच्या पुढच्या बाईला जवळचं दिसत नाही, आणि "दिसत नाही" म्हणण्यापेक्षा "मले येत नाही" म्हणणं तिला सोपं वाटतं. मग मास्तरीण समजते, हिचं डोकं चालत नाही. पुस्तक हात लांब करून धरणारी बाई दिसली की तिला अमरावतीच्या इर्विन दवाखान्यात डोळे तपासायला पाठव. चष्मा लागला की निम्म्या 'मंद' बाया हुशार होतात. अभ्यासक्रमात ही गोष्ट पहिल्या पानावर पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

मी शिकवायला कुठं शिकलो, ते तुला कधी सांगितलं नव्हतं. १९७९ मध्ये बाळापूर तालुक्यात माझं प्रौढ शिक्षण केंद्र होतं. आमचंही प्रशिक्षण झालं होतं, भाषणं, आकृत्या, सगळं. शेजारच्या गावचं केंद्र एक शिंपी चालवायचा, सातवी पास. एकदा कामानिमित्त त्या गावी गेलो, रात्री थांबलो आणि त्याच्या वर्गात मागं जाऊन बसलो. कंदिलाच्या उजेडात त्यानं मापाची टेप काढली. दोघादोघांनी एकमेकांची बाही, छाती, उंची मोजायची, आकडा टेपवर बघायचा आणि पाटीवर तसाच काढायचा. ज्याला आकडा काढता येईना त्यानं टेपवर बोट ठेवून शेजाऱ्याला दाखवायचा. एका म्हाताऱ्यानं आपल्या बायकोच्या बाहीचं माप बायकोसमोरच चुकवलं, तर सगळा वर्ग हसला, आणि ते माप पुसून पुन्हा काढताना सगळ्यांना पाठ झालं. तासभरात शिंप्यानं जेमतेम दहा वाक्यं उच्चारली असतील. परत येताना मी पेठेतून टेप विकत घेतली.

तो शिंपी आमच्याच प्रशिक्षणात माझ्यापासून दोन रांगा मागं बसलेला होता. त्याला कोणी काही विचारलं नाही, आणि "तू वर्गात काय करतोस?" असं आम्हीही एकमेकांना विचारलं नाही. तुझ्या प्रशिक्षणाच्या खोलीतही असे लोक असतील. बचत गटाची सचिव असेल, अंगणवाडीची ताई असेल, एखादा कॉलेजातला पोरगा असेल. मेळघाटातून कोणी आलं असेल तर त्याच्या शेजारीच बस. घरात कोरकू बोलणाऱ्या बाईला मराठी अक्षर शिकवताना तो सुरुवात कोणत्या शब्दापासून करतो, हे त्याला विचार. तुझ्यामाझ्यापेक्षा त्याचं काम दुप्पट अवघड आहे आणि त्याची युक्ती कुठल्याही पुस्तकात छापलेली नाही.

तू ज्या विद्यापीठाची पदवी मिरवतेस त्याला गाडगेबाबांचं नाव आहे, तेव्हा त्यांचं एक कीर्तन नीट ऐक. त्यांच्या अखेरच्या दिवसांतलं ध्वनिमुद्रण मिळतं. भक्तिभावानं ऐकू नको, मास्तरकीच्या कानानं ऐक. बाबा दर दोन वाक्यांनी समोरच्यांना प्रश्न टाकतात, उत्तर त्यांच्याकडून वदवून घेतात, आणि त्याच उत्तराला धरून पुढं जातात. समोर अडाणी माणसं, बोली वऱ्हाडी, आणि स्वतः बाबांचा पाटी-पुस्तकाशी संबंध जवळजवळ नाहीच. प्रौढांशी कसं बोलावं याचा इतका चांगला धडा तुझ्याच जिल्ह्यात जन्मला आणि आपण बाबांच्या जयंतीला झाडू मारून मोकळे होतो. तुझ्या वर्गात 'मले-तुले' बोलणाऱ्या बाईला टोकू नको, हेही त्यातच आलं.

प्रशिक्षणाच्या तासांच्या मोजणीला मात्र मी फार भाव देत नाही. इंग्लंडात २००७ साली नियम झाला: महाविद्यालयांतून प्रौढांना शिकवणाऱ्या पूर्णवेळ शिक्षकानं वर्षाला ३० तास आपलं प्रशिक्षण केल्याचं दाखवायचं. अर्धवेळवाल्याला त्याच्या कामाच्या प्रमाणात, पण किमान ६ तास. अर्धवेळ माणसाला वगळलं नाही, हे मला आवडलं. पण २०१२ मध्ये ती सक्ती त्यांनी काढून टाकली. तास भरता येतात, नोंदवता येतात; शिकवणं त्यानं सुधारलं की नाही, हे कोणीतरी वर्गात येऊन बसल्याशिवाय कळत नाही.

म्हणून प्रशिक्षणाच्या शेवटी "काही सूचना?" असं विचारतील तेव्हा गप्प बसू नको. उभी राहून सांग, बडनेरा आणि आजूबाजूचे आम्ही पाचसहा जण महिन्यातून एका संध्याकाळी एकमेकांच्या वर्गात जाऊ. मागं बसू, मधे बोलणार नाही, वर्ग सुटल्यावर अर्धा तास बोलू. तुम्ही फक्त तो दिवस प्रशिक्षण म्हणून धरा आणि भाड्याचे पैसे द्या. यात तज्ज्ञ लागत नाही, हॉल लागत नाही, हारतुरे लागत नाहीत. नाही म्हणाले तरी तुम्ही आपसात सुरू करा. पहिला वर्ग तुझा दाखव. आपला वर्ग दुसऱ्याला दाखवायला पोटात गोळा येतो, आणि बी.एड. वाल्यांना जरा जास्तच येतो. सोबत दोन ओळींची वही ठेव: आज कोण कुठं अडली, उद्या काय करून बघायचं. तिसरी ओळ लिहू नको, नाहीतर आठ दिवसांत वही बंद पडेल.

मामी म्हणते, थंडी पडली आहे, रात्री वर्गाहून येताना स्वेटर घालत जा. तिचंही ऐक.

प्रशिक्षणाहून आलीस की मला सविस्तर कळव. भाषण कोणाचं झालं ते लिहू नको. कोणाचा वर्ग बघायला जाणार आहेस आणि कोणत्या वारी, तेवढं लिही.

तुझा,
मामा