खेळाचा तास



या वेळच्या भित्तिपत्रकासाठी मी अपूर्णांकांवर लेख लिहायला घेतला होता. अर्धा लिहूनही झाला होता. पण गेल्या महिन्यात आपल्या शाळेत दोन गोष्टी घडल्या आणि तो लेख मी बाजूला ठेवला. अपूर्णांक कुठं पळून जात नाहीत.

पहिली गोष्ट सातवीच्या वर्गातली. विज्ञानाच्या तासाला हृदयाचा पाठ चालला होता. ‘हृदय साधारण आपल्या मुठीएवढे असते’ असं मी फळ्यावर लिहिलं. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “बाई, मग पळताना ते छातीतून बाहेर पडंल असं का वाटतं?” वर्ग हसला. मी मात्र हसले नाही, कारण प्रश्न चांगला होता. म्हटलं, चला बाहेर, मोजूनच पाहू.

नाडी कशी मोजायची ते नीट वाचा, म्हणजे घरीही करता येईल. डावा तळहात वर करा. अंगठ्याच्या मुळापासून मनगटाकडे खाली या. तिथं उजव्या हाताची पहिली दोन बोटं हलकेच टेकवा. अंगठा टेकवू नका, कारण अंगठ्यात स्वतःचे ठोके जाणवतात आणि मोजणी चुकते. फार दाबूही नका, दाबलं की नाडी सापडत नाही. सेकंदकाट्याच्या घड्याळाकडे बघून १५ सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा. झाले एका मिनिटाचे ठोके.

आधी सगळे पाच मिनिटं पिंपळाच्या पारावर गप्प बसले. (सातवीचा वर्ग पाच मिनिटं गप्प बसला, हीच खरं तर पहिल्या पानावरची बातमी!) बसल्या बसल्या बहुतेकांचे ठोके मिनिटाला ७६ ते ९६ भरले. मग पारापासून पाण्याच्या टाकीपर्यंत पळत जायचं आणि परत यायचं, अशा तीन फेऱ्या. मुलांना पळायला लावून आपण सावलीत उभं राहणं बरं दिसेना, म्हणून पदर खोचून मीही पळाले.

परत येऊन मोजलं तर कुणाचे १४०, कुणाचे १६०. माझे १४८. इथवर मी आणि तुम्ही सारखेच. गंमत पुढं आहे. तीन मिनिटांनी पुन्हा मोजलं, तेव्हा रोज मळ्यातून चालत येणाऱ्या मुलांचे ठोके शंभराच्या आत आले होते. मोटारसायकलवर मागं बसून येणाऱ्या दोघांना जास्त वेळ लागला. आणि तुमच्या बाईंचे ठोके पाच मिनिटांनीसुद्धा ११२ होते. मी पारावर टेकले आणि एका मुलीनं न सांगता तांब्याभर पाणी आणून दिलं. लाज वाटली, खोटं कशाला सांगू!

असं का होतं? पळताना पायांच्या स्नायूंना प्राणवायू जास्त लागतो. तो रक्तातून पोचतो, आणि रक्त ढकलायचं काम हृदयाचं. मोठ्या माणसाचं हृदय शांत बसलेलं असताना एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त पुढं ढकलतं. मिनिटाला ७२ ठोके धरा. गुणाकार करा: ५०४० मिलिलिटर, म्हणजे पाच लिटरच्या वर. आता एका दिवसाची मिनिटं १४४०. त्यांनी गुणलंत तर उत्तर सात हजार लिटरच्या पुढं जाईल. उन्हाळ्यात आपल्याकडे पाच हजार लिटरचा टँकर येतो ना? तसे जवळजवळ दीड टँकर, रोज, एका मुठीएवढ्या पंपानं. तेच तेच पाच लिटर रक्त फिरत राहतं, हे विसरू नका. नाहीतर कुणीतरी घरी जाऊन सांगायचं की अंगात दीड टँकर रक्त असतं!

हृदय हासुद्धा स्नायूच. नांगर धरणाऱ्याचे दंड जसे भरतात, तसं रोज धावपळ करणाऱ्याचं हृदयही बळकट होतं. ते एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, म्हणून बसल्या वेळी त्याला कमी ठोके पुरतात आणि दमल्यावर ते लवकर ताळ्यावर येतं. तीच गोष्ट हाडांची. उड्या, धावणं, ओझं उचलणं यांनी हाडांवर जोर पडतो आणि ती घट्ट होतात. ही शिल्लक वाढत्या वयातच भराभर जमते. मोकळ्या उजेडात खेळणाऱ्या मुलांना लांबचं कमी दिसण्याचा त्रास कमी होतो, असंही अलीकडं दिसून आलं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगितलं आहे की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं तरी अंग हलवावं, आणि त्यातले तीन दिवस तरी चांगली दमछाक व्हावी. दम किती लागला हे ओळखायला यंत्र नको. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तर मध्यम. दोन-चार शब्दांनंतर थांबून श्वास घ्यावा लागतो, तर जोराचा. ही साठ मिनिटं सलग नकोत, तुकड्यातुकड्यानं चालतील. शाळेपर्यंतची चाल, मधल्या सुट्टीतली लंगडी, संध्याकाळचा सूरपारंब्या, सगळं जमेस धरा.

इथं मला माझ्या मनातला एक काटा काढायचा आहे. ज्या मुली सकाळी विहिरीवरून दोन-दोन हंडे आणतात, त्यांना ‘व्यायाम करा’ असं कुठल्या तोंडानं सांगायचं? त्यांचा व्यायाम सूर्योदयापूर्वीच झालेला असतो. पण हंडा आणणं हे काम आहे, खेळ नव्हे. त्यात हसणं नाही, हुलकावणी नाही, जिंकणं नाही. उलट मी म्हणेन, की सकाळचा एक हंडा भावानं उचलावा. त्याचीही साठ मिनिटं भरतील.

आता दुसरी गोष्ट. आपल्या खो-खोच्या संघातली एक मुलगी, नाव लिहीत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे, माझ्याकडे आली. म्हणाली, “बाई, माझं नाव काढा.” का, तर उत्तर नाही. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभी राहिली.

मला एकदम १९९० साल आठवलं. मी सातवीत होते. खांबाजवळून अशी वळायचे की पाठलाग करणारी सरळ पुढं निघून जायची. पुढच्या वर्षी घरून सांगणं झालं, आता मोठी झालीस, पुरे. मी मुकाट्यानं ऐकलं. त्यानंतर थेट गेल्या महिन्यात पळाले, तीस-पस्तीस वर्षांनी, आणि नाडीनं काय सांगितलं ते वर लिहिलंच आहे.

पुढचं वाक्य भित्तिपत्रकावर लिहावं की नको, याचा मी दोन दिवस विचार केला. लिहिते. पाळी सुरू झाली म्हणून खेळ बंद करण्याचं काही कारण नाही. पोटात दुखत असेल, गळून गेल्यासारखं वाटत असेल, तर त्या दिवशी बसावं. बाकी दिवस खेळावं. मुलांनी हे वाचून खिदळू नये. तुमच्याही घरी आई-बहिणी आहेत.

आणि मुलींना वाटत असेल की खो-खो हा शाळेपुरता खेळ, तर ऐका. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. १९ जानेवारीच्या अंतिम सामन्यात भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. कर्णधार होती प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्राची. त्याच दिवशी पुरुषांचा संघही जिंकला, कर्णधार प्रतीक वाईकर, तोही आपलाच. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. त्या शर्यतीत २८ अडथळे आणि सात वेळा पाण्यावरून उडी असते. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत चालत-पळत जायचा, कारण वाहनच नव्हतं. त्यानं २०२३ मध्ये आशियाई स्पर्धेत याच शर्यतीचं सुवर्णपदक मिळवलं. तुम्ही सगळ्यांनी पदकं आणावीत असं माझं म्हणणं नाही. दम लवकर खाली यावा, एवढंच पुरे.

म्हणून कुणाच्या अंगावरून त्याला ‘ढोल्या’ म्हणू नका. त्या दिवशी ज्याला तुम्ही हसलात, त्याची नाडी तुमच्यातल्या चौघांच्या आधी ताळ्यावर आली. माझ्या वहीत आकडे आहेत, बघायचे तर या.

खाण्याचं थोडक्यात सांगते, कारण तुमच्या आया ते माझ्याहून चांगलं जाणतात. मधल्या सुट्टीत दुकानातलं पाच रुपयांचं पाकीट घेण्यापेक्षा खिशात मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा आणा. शाळेतल्या खिचडीतली मटकी वेचून टाकू नका. आणि झोप! सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रात्री किमान नऊ तास झोप लागते. पांघरुणात मोबाईल घेऊन झोपणाऱ्यांची नावं मला त्यांच्या जांभया सांगतात.

आता माझी कबुली. वेळापत्रकात खेळाचे तास आहेत. गेली कित्येक वर्षं परीक्षा जवळ आली, की ते तास मी गणितासाठी घेत आले. तुम्ही खिडकीतून मैदानाकडे बघायचात आणि मी डस्टर आपटायचे. त्या तासाला तुमची गणितं तरी कुठं सुटायची? अर्धी चुकायचीच. या महिन्यापासून खेळाचा तास खेळालाच. मुख्याध्यापकांना विचारलं आहे, त्यांनी मान हलवली आहे.

त्या मुलीच्या घरी मी जाऊन आले. तिची आई चुलीपुढं होती. म्हणाली, “बाई, पोरगी मोठी झाली, लोकं नावं ठेवत्यात. आन् सांजचं पाणी कोन भरंल?” मी म्हटलं, “वहिनी, लोकांचं मी बघते. पाण्याचं तुम्ही सांगा.” बराच वेळ बोलणं झालं. शेवटी असं ठरलं, की सराव शाळेच्या वेळातच, शेवटच्या तासाला आणि शनिवारी सकाळी. घंटेनंतर एक मिनिटही नाही. सांजच्या पाण्याची एक खेप धाकट्या भावाकडे. त्यानं तोंड वाकडं केलं, पण हंडा उचलला. वहिनी हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. शनिवारी पोरगी मैदानावर आली, ओढणी कमरेला घट्ट बांधून. पहिल्याच डावात तिनं तिघींना बाद केलं.

तुम्ही काय करायचं ते सांगते. वहीच्या शेवटच्या पानावर चार रकाने आखा: तारीख, बसल्या वेळचे ठोके, पळून आल्यावरचे ठोके, तीन मिनिटांनंतरचे ठोके. दर शनिवारी, कवायतीच्या वेळी, आपण सगळे मोजू. एकमेकांशी नव्हे, आपल्याच गेल्या शनिवारच्या आकड्याशी ताडून बघायचं. ज्याला ताप असेल, छातीत दुखत असेल किंवा डॉक्टरांनी पळू नको म्हटलं असेल, त्यानं नुसतं घड्याळ धरायचं. तेही काम आहे.

मी रोज सकाळी ओढ्यापर्यंत चालायला लागले आहे. पाच मिनिटांनंतरचा माझा आकडा ११२ वरून १०६ वर आला आहे. तुमचे तक्ते लावायला या फळ्याची उजवी बाजू मोकळी ठेवली आहे. चौथीच्या मुलांचा हात पोचत नाही, त्यांनी कागद माझ्याकडे द्यावेत.

— तुमच्या वर्गशिक्षिका, इयत्ता सातवी