डायलअप सोडताना

टेलिफोनच्या तारेवरून क्रमांक फिरवून मिळणारे इंटरनेट सोडून ज्यांनी ब्रॉडबँड घेतले, त्यांपैकी बहुतेकांनी वेगाची चौकशी केली, भाड्याची केली. परंतु आजवर ज्या मापाने आपण हिशेब ठेवीत आलो ते मापच आता बदलणार आहे, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानी आली, आणि जळगाव-धुळ्याकडील माझ्या परिचयाच्या कुटुंबांना जो भुर्दंड सोसावा लागला त्याचे मूळ मला या एकाच अनवधानात दिसते.

15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमाने ही सेवा देशात सर्वसामान्यांस खुली केली आणि पुढे ती आमच्या खानदेशात पोहोचली, तेव्हा पैसा मोजला जाई तो वेळेचा. त्यामुळे घरोघर एक शिस्त रुजली होती: पत्र आधी लिहून ठेवावे, मग मोडेमचा कर्कश स्वर ऐकत जोडणी करावी, पत्र रवाना करावे आणि तत्काळ जोडणी तोडावी, कारण इकडे कॉलचे युनिट चढत असे आणि तिकडे तेवढा वेळ घरचा टेलिफोन बाहेरच्यांना एंगेज लागे. छप्पन किलोबिटांचा म्हणविणारा मोडेम प्रत्यक्षात चाळिसाच्या आसपास चाले, म्हणजे एक मेगाबाइट उतरवून घेण्यास तीन-साडेतीन मिनिटे लागत. एवढ्या क्षीण प्रवाहातून किती माहिती आली-गेली, हे मोजण्याचे प्रयोजनच कोणास पडले नाही.

2004 च्या केंद्र सरकारच्या धोरणाने ब्रॉडबँडसाठी 256 किलोबिट हा किमान वेग आणि सदैव चालू राहणारी जोडणी ही दोन लक्षणे ठरविली. वेळेचा आकार गेला. त्याच्या जागी, विशेषतः स्वस्त योजनांत, माहितीच्या परिमाणाचा आकार आला. महिन्याची मर्यादा 400 मेगाबाइट धरली, तर 256 किलोबिटांच्या वेगाने ती संपण्यास सुमारे साडेतीन तास लागतात, आणि तोच वेग दोन मेगाबिट झाला की अर्ध्या तासाच्या आत ती आटोपते. तीनऐवजी साडेसात अश्वशक्तीचा पंप बसविल्याने विहिरीचा झरा वाढत नाही, पाणी मात्र लवकर तळास जाते, हे यावल-रावेरच्या केळी बागाईतदारास सांगावे लागत नाही.

धुळ्याच्या माझ्या मेहुण्यांकडे हेच घडले. संगणक दिवसभर चालू असे, पडद्यावर काही हालचाल दिसत नसे, आणि तरीही संगणकाची मूळ प्रणाली व विषाणूरोधक प्रणाली आपापल्या नव्या आवृत्त्या परस्पर उतरवून घेत होत्या. मासिक भाड्याच्या कैक पटींचे बिल हाती पडल्यावर ते तक्रार गुदरण्यास गेले, तेव्हा संबंधित कारकुनाने दिवसवार नोंदी काढून दाखविल्या, आणि त्या बिनचूक होत्या. लबाडी कोणाचीच नव्हती, म्हणून दादही मागता येईना. हे मला अधिक दुःखद वाटते.

यास्तव माझे आग्रहाचे सांगणे असे की, दरपत्रकाची लेखी नकल घेतल्याविना अर्जावर सही करू नये. मर्यादा ओलांडल्यावर जादा आकार लागतो की केवळ वेग उतरतो, आणि पाठविलेली माहितीही मर्यादेत धरतात काय, या दोन प्रश्नांचा खुलासा त्यात हवा. बिट आणि बाइट यांत आठपटीचे अंतर असल्यामुळे दोन मेगाबिटांची जोडणी सेकंदास फार तर पाव मेगाबाइट देते, हेही मनाशी असू द्यावे. काम संपताच मोडेमचे बटण बंद करावे. संगणकाची खिडकी मिटणे म्हणजे जोडणी तोडणे नव्हे.

तारेविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. तांब्याच्या एकाच जोडतारेवर खालच्या कंप्रतेत बोलणे आणि वरच्या कंप्रतेत इंटरनेट चालते, व दोहोंना वेगळे करणारी लहानशी डबी भिंतीशी बसवितात. घरात दुसरा टेलिफोन समांतर जोडलेला असल्यास त्यालाही स्वतंत्र गाळणी लागते, नाहीतर बोलण्यात खरखर येते आणि जोडणी वारंवार तुटते. एक्स्चेंजपासून तारेची लांबी वाढेल तसा वेग घटतो. आमची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि तारेच्या सांध्यांत ओल शिरली की मे महिन्यात निर्दोष वाटलेली जोडणी जुलैत रडू लागते. म्हणून वर्षाचे भाडे आगाऊ भरण्याची सवलत कितीही मोहक असली, तरी एक पावसाळा पाहिल्याखेरीज ती पत्करू नये. वळवाच्या विजा कडाडू लागल्या की विजेचा प्लग आणि टेलिफोनची तार, दोन्ही काढून ठेवावीत. तारेतून आलेल्या दाबाने मोडेम जळतो.

पुरवठादार बदलल्यास त्याने दिलेला ईमेलचा पत्ताही जातो; सर्वांस नवा पत्ता कळेपर्यंत जुने खाते चालू ठेवावे.

आता तांब्याच्या जागी फायबर येत आहे आणि एक निराळीच सावधगिरी आवश्यक झाली आहे. तांब्याच्या तारेला वीज एक्स्चेंजमधील बॅटऱ्यांतून मिळे, म्हणून भारनियमनाच्या काळोखातही टेलिफोन बोलत असे. फायबरची पेटी घरच्या विजेवर चालते आणि वीज गेली की टेलिफोनही मुका होतो. घरात वृद्ध किंवा आजारी माणूस असेल, तर त्या पेटीस बॅटरीची सोय आधी करून घ्यावी, वीज बंद करून एकदा फोन लावून पाहावा, आणि त्यानंतरच जुनी जोडणी बंद करण्याचा अर्ज देऊन त्याची पोच व अनामत रक्कम मागून घ्यावी.