बल्बचा रोध मीटरवर एवढा कमी का?

प्रश्न : चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी मेंटेनन्सला आहे. स्टोअरमध्ये २३० व्होल्ट, १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब सापडला. मल्टिमीटर त्याचा रोध ४० ओहम दाखवतो. हिशेबाने ५२९ यायला हवा. मीटर बिघडलाय, की बल्बला ओहमचा नियम लागू नाही?
— एक वाचक

उत्तर : मीटर ठणठणीत आहे. तो तारेतून इतका कमी प्रवाह सोडतो की ती तापतच नाही. २३० व्होल्टवर मात्र हीच टंगस्टनची तार सुमारे २,५०० अंश सेल्सिअसला जाते आणि रोध तेरा पट होतो. म्हणजे बटण दाबताक्षणी बल्ब पावणेसहा अँपिअरपर्यंत ओढू शकतो आणि लगेच अर्ध्या अँपिअरच्याही खाली येतो. जुने बल्ब बहुधा लावतानाच का उडायचे, ते यात आलं.

पुस्तकं बल्बला सरसकट अनोहमी ठरवतात. मला हा टंगस्टनवर अन्याय वाटतो. गेओर्ग ओहमने १८२७ साली मांडलेल्या नियमाला तापमान कायम असण्याची अट आहे, आणि पेटता बल्ब नेमकी तीच मोडतो. तारेचं तापमान धरून ठेवता आलं, तर व्होल्ट दुप्पट केल्यावर अँपिअरही दुप्पटच होतील. तुमच्याकडे डिसेंबरच्या पहाटेपेक्षा मेच्या दुपारी तांब्याच्या तारेचा रोध दहा-बारा टक्के जास्त भरतो; म्हणून तांब्याला कुणी अनोहमी म्हणत नाही.

खरा अनोहमी म्हणजे डायोड किंवा एलईडी. व्होल्टला अँपिअरने भागून ओहम कशाचेही काढता येतात, पण इथे तापमान तेच असूनही प्रत्येक व्होल्टला भागाकार वेगळा येतो. पांढरा एलईडी दोन व्होल्टवर जवळपास मुका असतो. तीनच्या आसपास व्होल्टेज जरा वाढलं की प्रवाह कित्येक पटींनी चढतो. म्हणून त्याला ड्रायव्हर लागतो. तुमच्या मीटरवरची डायोडची वेगळी खूणही ओहम नव्हे, व्होल्टच दाखवते.

ट्रान्सफॉर्मरजवळच्या लाइटनिंग अरेस्टरमध्ये, तुमच्या भाषेत एलएमध्ये, हाच गुण कामाला लावलाय. आतल्या झिंक ऑक्साइडच्या चकत्या रोजच्या व्होल्टेजला प्रवाह जवळजवळ अडवतात. वीज पडून व्होल्टेज उसळलं की त्यांचा रोध कोसळतो, लाट जमिनीत उतरते आणि चकत्या पुन्हा पूर्ववत होतात. तिथे साधा ओहमी रोधक बसवला असता, तर लाट वाहून नेण्याइतका कमी रोध असलेल्या त्या रोधकातून रोजची वीजही रात्रंदिवस जमिनीत गेली असती.