ओंडके फोडण्याचे यंत्र : निवडीविषयी एक पाठ

पावसाळ्यापूर्वी सरपण फोडून रचून ठेवणे हे काम किती कष्टाचे आहे हे आपणांस सांगावयास नको. ताज्या लाकडाच्या वजनात अर्ध्याच्या आसपास पाणी असू शकते. ते शेकडा २० पेक्षा कमी होईपर्यंत जळण नीट पेटत नाही, आणि चुलीपाशी बसणारीच्या डोळ्यांत व छातीत धूर जातो. सालीतून पाणी सावकाश निघते, फोडलेल्या अंगातून लवकर. म्हणून फोडणे अगत्याचे. परंतु त्याकरिता यंत्र घ्यावे काय, व घेतल्यास कोणते, ह्याचा आज विचार करू.

पहिली गोष्ट, गरज किती? एका घराच्या चुलीस कुऱ्हाड, घण व लोखंडी पाचर पुरेशी आहे. वखार, वसतिगृहाचे स्वयंपाकघर किंवा पाच-दहा कुटुंबे मिळून काम करीत असतील, तरच यंत्राचा विचार करावा. कर्ज काढून आणलेले यंत्र वर्षातून आठच दिवस चालले, तर ते घरास आधार न होता ओझे होते.

दुसरी गोष्ट, प्रकार. तेलाच्या दाबावर चालणारे यंत्र हाताने, विजेवर, इंजिनावर किंवा ट्रॅक्टरवर चालते. विजेचे यंत्र धूर करीत नाही, पण वीज गेली की थांबते. इंजिनाचे रानात नेता येते; मात्र ते बंद जागेत कधीही चालवू नये, कारण त्याचा धूर प्राणघातक असतो. तिसऱ्या एका प्रकारात फिरता पेचदार शंकू लाकडात घुसतो. तो स्वस्त असतो. पण धोतराचा सोगा किंवा पदर त्यात गुंतला तर माणूस सुटणे कठीण. तो घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तिसरी गोष्ट, शक्ती. कोंडलेल्या द्रवावरील दाब सर्व बाजूंस सारखा पसरतो, हा पास्कालचा नियम. त्याच्या आधारे जोसेफ ब्रामा यांनी इंग्लंडात १७९५ साली दाबयंत्राचे पेटंट घेतले. विक्रेता "इतक्या टनांचे" म्हणतो, ते आपण स्वतः पडताळून पाहावे. दट्ट्याचा व्यास १० सेंटीमीटर असेल, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७८.५ चौरस सेंटीमीटर. दर चौरस सेंटीमीटरवर १७५ किलो दाब असल्यास जोर होतो सुमारे १३,७०० किलो, म्हणजे पावणेचौदा टन. त्याच यंत्रास कोणी पंचवीस टनांचे म्हणत असेल, तर तेथून उठावे.

चौथी गोष्ट, वेग. त्याच दट्ट्याची धाव ६० सेंटीमीटर असेल, तर एका धावेस सुमारे ४.७ लिटर तेल लागते. पंप मिनिटास २० लिटर तेल देत असेल, तर पुढे जाण्यास सुमारे १४ सेकंद लागतील. जोर पुष्कळ पण पंप लहान, असे यंत्र दिवसभरात थोडेच काम करते.

पाचवी गोष्ट, आपले लाकूड. वाळलेली बाभूळ फार कठीण होते, आणि निलगिरीचे तंतू पिळलेले असतात. ही झाडे ओली असतानाच फोडलेली बरी. गाठाळ ओंडक्यास जोर अधिक लागतो. तेव्हा विकत घेण्यापूर्वी आपलाच सर्वांत वाईट ओंडका नेऊन आपल्या डोळ्यांदेखत फोडवून पाहावा.

शेवटची गोष्ट सर्वांत मोठी. एका गावी आम्ही एका मजुराचा हात पाहिला. त्यास तीन बोटे नव्हती. सोबती ओंडका धरी व दुसरा दांडा ओढी, अशी तेथील रीत होती. ज्या यंत्रात दोन्ही हात दांड्यांवर असल्यावाचून पाचर हलत नाही, तेच घ्यावे. आणि ते एकाच माणसाने चालवावे. घाईसाठी एक दांडा बांधून ठेवणे म्हणजे सोबत्याच्या बोटांवर पैज लावणे होय. मुलांस जवळ येऊ देऊ नये.

विचारार्थ प्रश्न : (१) आपल्या मंडळीस वर्षास किती गाड्या सरपण लागते? (२) यंत्र बिघडल्यास दुरुस्ती किती कोसांवर होते? (३) ते चालविणारा कोण, आणि त्यास शिकविणार कोण? ह्या तिन्हींची उत्तरे मिळाल्यावाचून थैलीची गाठ सोडू नये.